वाई-पाचगणी-महाबळेश्वर-मेढा: रोड बाइकवर कृष्णेच्या खोऱ्यातले दोन दिवस, मार्ग सुचवा

कडेकडेने

डिसेंबरमध्ये वाईत मुक्काम ठेवून शनिवार-रविवार सायकल चालवायचा बेत आहे. शनिवारी पसरणी घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर, मग केळघर घाटाने मेढ्याला उतरून वाईला परत. रविवारी काहीतरी हलकं, शक्यतो धोम धरणाच्या बाजूचं.

सायकल अ‍ॅल्युमिनियमची, रिम ब्रेक, पुढच्या चक्रांना ५०/३४ दात, मागे ११-२८, टायर २५ मिमी. माझं वजन ७८ किलो. सिंहगड न थांबता चढतो, पण जेमतेम.

हे गिअर पुरतील का? फेरी याच दिशेने करू की उलट? आणि महाबळेश्वरपर्यंत गेल्यावर कोयना जलाशयाकाठचं तापोळा जोडता येईल का?

---

चौतीस_अठ्ठावीस

सिंहगड चढत असाल तर पसरणीची धास्ती नको. वाई सातशे मीटरच्या थोडी वर, पाचगणी तेराशेच्या जरा खाली. म्हणजे बारा-तेरा किमीत साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर चढ, सरासरी पाच टक्क्यांच्या आत-बाहेर. सिंहगडासारखे अंगावर येणारे तुकडे इथे नाहीत. इथला त्रास वेगळा आहे: चढ एकसुरी आहे, मध्ये दम खायला सपाटी मिळत नाही.

३४/२८ वर ६० केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ठेवलं तर ताशी नऊ किमीच्या आसपास वेग येतो. तुमचं वजन, सायकल आणि पाणी धरून त्याला सव्वाशे-दीडशे वॅट लागतील. तेवढे सव्वा-दीड तास देता येत असतील तर आहे ती कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) पुरेल. पण पसरणी संपला म्हणजे दिवस संपला असं नाही. पाचगणी ते महाबळेश्वर १९ किमी रस्ता सतत वरखाली आहे आणि पाय तिथेच जातात. म्हणून ११-३२ बसवून घ्या असंच सांगेन.

त्याआधी मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) कोणता आहे ते बघा. उदाहरणार्थ शिमानोच्या १०५ आर७००० मध्ये आखूड पिंजऱ्याचा डिरेलर कंपनीच्या मते ३० दातांपर्यंतच जातो, लांब पिंजऱ्याचा ३४ पर्यंत. कॅसेट बदलली की चेनही मोजायची: डिरेलरमधून न ओवता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावरून फिरवायची, टोकं जिथे भेटतात त्यापुढे दोन कड्या जास्त. हे न करता जुनीच, आता आखूड पडणारी चेन ठेवली आणि चुकून मोठ्या-मोठ्यावर गिअर पडला, तर डिरेलर ताणला जातो आणि हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारी पट्टी) वाकतो किंवा तुटतो. सगळ्यात मोठ्या चक्रावर खरखर आली तर डिरेलरचं वरचं चाक कॅसेटला घासतंय, डिरेलरचा बी-स्क्रू थोडा आवळा, चाक कॅसेटपासून लांब जातं. हे सगळं घरी स्टँडवर करायचं, वाईच्या चौकात नव्हे.

---

उतारावर_सावकाश

दिशेबद्दल. लिहिली आहे तीच ठेवा, कारण गर्दी. शनिवारी सकाळी साडेदहा-अकरानंतर पसरणीत पर्यटकांच्या गाड्या एकामागे एक लागतात. वाईतून साडेसहाला निघालात तर त्याआधी घाटमाथ्यावरचा दांडेघर नाका पार होतो. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे पुढचा-मागचा दिवा हवाच. उलट फिरलात तर दुपारी दमलेल्या हातांनी पसरणी उतरायचा, समोरून एसटी आणि तिला ओव्हरटेक करणारी गाडी, दोन्ही एकाच वळणावर. नको.

केळघर घाटात रहदारी कमी आहे, पण रस्ता अरुंद आणि पावसाळ्यानंतर वळणांवर खडी साचलेली असते. रिम ब्रेकवाल्यांनी इथे नीट वाचावं. सतत हलका ब्रेक दाबून उतरू नका. रिम तापते, ट्यूबमधली हवा फुगते, आणि आतली रिम टेप (स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) जुनी असेल तर ट्यूब स्पोकच्या भोकाशी फुटते. सरळ पट्ट्यात सायकल सोडायची, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पाडायचा, वळणात ब्रेक सोडायचा. हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वळणावर) ठेवा. हुड्सवरून (ब्रेकच्या वरच्या मुठींवरून) एवढा वेळ ब्रेक ओढून बोटं बधिर होतात. दर पाच-सहा किमीला थांबून रिमजवळ हात नेऊन बघा. चटका बसेल इतकी झळ लागली तर पाच मिनिटं थांबा, वर पाणी ओतू नका.

निघण्याआधी ब्रेक पॅड काढून उजेडात बघा. अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत कण रुतलेले असतील तर सुईने उकरून काढा आणि पॅड पॉलिश पेपरवर घासा. ते तसेच राहिले तर पॅड कानशीसारखा रिम खातो. पॅडवरच्या खाचा बुजल्या असतील तर नवे घाला.

हवा: २५ च्या टायरला तुमच्या वजनाला मागे ९०, पुढे ८५ पीएसआय. ११० भरून गेलात तर खडीवर चाक उड्या मारेल. फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली जागा असेल तर २८ टाका.

एक पातळ विंडचीटर खिशात हवा. चढताना घामाने भिजता आणि महाबळेश्वरहून लगेच उतार लागतो.

---

कडेकडेने

धन्यवाद, ११-३२ लावतो, डिरेलर लांब पिंजऱ्याचाच निघाला. मेढ्याहून वाईला येताना साताऱ्यावरून वळसा घालायचा का? आणि तापोळ्याचं राहिलं.

---

वेण्णाकाठ

साताऱ्याला जायची गरज नाही. मेढा-कुडाळ-पाचवड आणि पाचवडहून वाई. मेढ्यानंतर वेण्णेचं खोरं सोडून कुडाळीच्या खोऱ्यात जायचं असतं, त्यामुळे थोडा चढ आहेच. साठेक किमी झालेल्या पायांना तो मोठा वाटतो. मेढ्यात खाऊन, बाटल्या भरून निघा. अख्खी फेरी ९५ किमीच्या आसपास, चढ सव्वा ते दीड हजार मीटर.

कुडाळ ते वाई पट्ट्यात डिसेंबर म्हणजे ऐन उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागे दिवा असेलच असं नाही. ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना दुसरी ट्रॉली वळणावर आत घुसते हे लक्षात ठेवा. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून पुढचं चाक सरकतं. अंधाराच्या आत वाई गाठा.

तापोळा त्याच दिवशी अजिबात नको. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरला, कोयनेचं पाणी धरण भरलेलं असताना ६६० च्या खाली. पंचवीसेक किमी उतरायचं आणि जवळजवळ सातशे मीटर त्याच रस्त्याने परत चढायचं, म्हणजे पसरणीहून मोठा घाट दुपारच्या उन्हात. तापोळा करायचाच तर वेगळी सहल ठेवा: तापोळ्याहून लाँचने बामणोली, तिथून कास पठार चढून यवतेश्वर घाटाने सातारा. लाँचवाल्याशी सायकलीचं आधी बोलून ठेवा. बामणोली ते कास पुन्हा पाचशे मीटर चढ आहे, लाँचमध्ये झोप काढलीत तरी तो चुकत नाही.

रविवारसाठी वाई-मेणवली-धोम, आणि जलाशयाच्या कडेने बलकवडी धरणाकडे. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट सकाळीच बघा. पुढे रस्ता जोरपर्यंत जातो, डाव्या हाताला पाचगणी-महाबळेश्वरच्या पठाराचे कडे, उजवीकडे कमळगड. जोरच्या पुढे क्षेत्र महाबळेश्वरला पायवाट चढते; नकाशावरची ती रेघ बघून रोड बाइक घेऊन शिरू नका. आला त्याच रस्त्याने परत, जाऊन-येऊन साठेक किमी. धरणाच्या पुढे डांबर सगळीकडे चांगलं मिळत नाही, २५ चे टायर असतील तर बलकवडीवरून परत फिरलेलं बरं. धोमनंतर सायकलीचं सामान कुठेच मिळत नाही: दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे लिव्हर, पंप, चेन जोडायची क्विक-लिंक कडी जवळ ठेवा.

---

चौतीस_अठ्ठावीस

पंक्चरबद्दल एक भर. पाचवडच्या बाजूला हायवे जवळ आहे, आणि हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरच्या केसासारख्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या बाहेरून दिसत नाहीत. ट्यूब बदलताना टायरच्या आतून कापडाचा तुकडा गोल फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे तार. ती तशीच राहिली तर नवी ट्यूबही पाच किमीत बसते.

पुढे-मागे पुण्याहून वाईपर्यंत सायकलनेच जायचं ठरवलंत तर खंबाटकी टाळून कापूरहोळला हायवे सोडा, भोर-आंबाडे-मांढरदेवी-वाई असे या. भोरच्या बाजूने चढ सातशे मीटरच्या घरात आहे आणि पसरणीहून कडक. पौष पौर्णिमेच्या यात्रेचे दिवस तेवढे वगळा, तेव्हा त्या घाटात चालायलाही जागा नसते.