मदत हवी आहे: बडोद्यात जुनी इलेक्ट्रिक गाडी बघतोय, बॅटरीत किती जीव उरलाय ते कसं ओळखायचं?

अपडाऊनवाला

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं दांडिया बाजार ते मंजुसर जीआयडीसी (औद्योगिक वसाहत) असं अपडाऊन चाललंय, जाऊन-येऊन 45 किमी. पेट्रोलची गाडी गावात लिटरला 14 देते, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ सात रुपये. कंपनीतला एक जण दोन वर्षं इलेक्ट्रिक चालवतोय. त्याला घरी युनिट सगळे आकार धरून आठ रुपयांना पडतं आणि युनिटला सात किमी मिळतात. म्हणजे सव्वा रुपयाच्या आत. हे गणित त्याने कँटीनमध्ये नाश्त्याच्या कागदी ताटलीमागे करून दाखवलं. ती ताटली मी खिशात घालून घरी आणली, तेव्हापासून डोक्यात तेच.

नवी घ्यायची ऐपत नाही. एक जुनी बघून आलो: मार्च 2021 ची नोंदणी, 30 युनिटची बॅटरी, 61,000 किमी, एकच मालक, जीजे-06 पासिंग. मेक मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्याच भांडणात वाहून जाईल. मालक साडेसात लाख म्हणतोय.

अडचणी अशा. पहिल्यांदा गेलो तेव्हा स्क्रीनवर 100 टक्के आणि पुढे 218 किमी दिसत होतं. हा आकडा कितपत खरा धरायचा? दुसऱ्यांदा गेलो तर गाडी ठार बंद. दार किल्लीने उघडावं लागलं, स्क्रीन काळी. मालक म्हणाला, "मोठी नाही हो, छोटी बॅटरी उतरलीय." मला तर घामच फुटला. शिवाय बाबा म्हणतात, "अरे, मोबाइलची बॅटरी तीन वर्षांत मान टाकते, मग हिची का नाही टाकणार?" मला काही उत्तर सुचलं नाही. जाणकारांनी सांगा.

तारेवरची_कसरत

आधी बाबांचं. मोबाइल आपण रोज रिकामा करतो, रोज भरतो, उशीखाली तापवतो. तीन वर्षांत हजारेक फेऱ्या होतात. तुमच्या या गाडीचे 61,000 किमी धरा आणि पूर्ण चार्जला 200 किमी धरा. पाच वर्षांत पूर्ण फेऱ्या किती? जेमतेम तीनशे. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) जातीचे सेल दोन-तीन हजार फेऱ्या सहज काढतात. बाबांना हे सांगा, आणि ताटलीमागेच सांगा.

म्हणून गाडीची बॅटरी वापराने थोडी आणि वयाने, उन्हाने जास्त झिजते. पूर्ण भरून मे महिन्याच्या उन्हात उभी ठेवली की सेलच्या आतला थर जाड होत जातो आणि त्यात लिथियम अडकून पडतं. ते परत मिळत नाही. निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या पहिल्या पिढीत बॅटरी द्रवाने थंड करायची सोयच नव्हती, तेव्हा 2012 च्या सुमारास अमेरिकेत कडक उन्हाच्या अॅरिझोनातल्या मालकांच्या बॅटऱ्यांची क्षमता इतरांपेक्षा फार लवकर घटली होती. आपल्याकडचा उन्हाळा काही कमी नाही, तेव्हा गाडी सावलीत उभी राहायची की तापत्या पत्र्याखाली, हे मालकाला नक्की विचारा. एक आकडा लक्षात असू द्या: जिओटॅब या गाड्यांची माहिती गोळा करणाऱ्या कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदी तपासून 2024 मध्ये सरासरी घट वर्षाला 1.8 टक्के काढली. आपल्या हवेत त्याहून जास्त धरून चाला.

218 हा आकडा विसरा. मागच्या काही दिवसांत गाडी कशी चालवली त्यावरून स्क्रीन तो अंदाज बांधते. मालकाने आठवडाभर फत्तेगंजात तीसच्या वेगाने फिरवली असेल तर तीनशेही दाखवेल.

छोट्या बॅटरीचं तो खरं बोलत असावा. बारा व्होल्टची साधी लेड-अॅसिड बॅटरी याही गाड्यांत असते. कुलूप, स्क्रीन आणि मोठ्या बॅटरीला जोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) तिच्यावर चालतो. ती उतरली की तीस युनिट भरलेली गाडीसुद्धा मढ्यासारखी पडून राहते. काही हजारांत नवी येते. मात्र ती का उतरली, हे विचारा. गाडी महिनोन् महिने उभी होती का?

शेवउसळ

सगळे केमिस्ट्री शिकवतायत, पाण्याचं कोणी बोलत नाही! ऑगस्ट 2024 विसरलात? विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी समा, अकोट्याच्या तळघरांत शिरलं होतं. आमच्या सोसायटीत सात गाड्या दोन दिवस छपरापर्यंत बुडून होत्या. पुढे त्या धुऊन-पुसून कुठे गेल्या ते देवाला ठाऊक.

पुढचे दोन्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. अगदी शेवटची वीतभर पट्टी बघा. लोक गाडी धुतात, पॉलिश करतात, तिथे मात्र कोणी हात घालत नाही. गाळाची पिवळसर रेघ असेल तर नमस्कार करून घरी या. स्टेपनीखालचे नट आणि सीटखालच्या वायरींचे जोडही बघा. विम्याचा क्लेम झालाय का, तेही कागदावर मागा.

अपडाऊनवाला

@शेवउसळ दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण बॅटरी आयपी67 आहे म्हणतात ना? मग पाण्याची काय भीती?

तारेवरची_कसरत

आयपी67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. दोन दिवसांच्या गढूळ पुराबद्दल त्यात अवाक्षर नाही. आणि ती चाचणी नव्या रबरी सीलवर होते, पाच वर्षं तापलेल्या नव्हे.

मांजलपूरची_माई

दादा, माझं थोडं वेगळं. आमच्याकडे चार वर्षं इलेक्ट्रिक आहे. घेताना यांनी पेट्रोलचाच हिशेब मांडला होता. मला मात्र गुडघा दुखतो म्हणून हवी होती, क्लच नाही ना! खंडेराव मार्केटच्या गर्दीत पाच फूट पुढे, पाच फूट थांबा असं चालतं, तिथे जुन्या गाडीत जीव नकोसा व्हायचा.

तक्रार एकच, बाहेरगावची. दिवाळीत सुरतेला निघालो तर हायवेवरच्या चार्जरच्या तीन गनपैकी दोन बंद, आणि पुढे चार गाड्या. दीड तास बसून फराळाचा डबा तिथेच संपवला. गावात वापरणार असाल तर बिनधास्त घ्या. दर महिन्याला मुंबई असेल तर दहा वेळा विचार करा.

अपडाऊनवाला

अपडेट देतो. रविवारी पुन्हा गेलो. छोटी बॅटरी मालकाने बदलली होती, बिल दाखवलं. मुलगा अमेरिकेला गेल्यावर गाडी अडीच महिने उभीच होती म्हणे. दोन्ही बेल्ट शेवटपर्यंत ओढले. मालक बघत राहिला, मला थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण पट्टी कोरी निघाली. नटांवरही गंज नाही.

मग त्यालाच शेजारी बसवून चांपानेरला जाऊन आलो. निघताना 100 टक्के, परत आलो तेव्हा 46. एकूण 98 किमी, ट्रिपमध्ये सरासरी युनिटला 7 किमी. म्हणजे 14 युनिट खर्च झाले 54 टक्क्यांत. पूर्ण बॅटरीचे झाले सुमारे 26. तिसाच्या मानाने 86 टक्के, बरोबर ना? आणि पल्ला 180, 218 नाही. हे ऐकून मालक साडेसातावरून सहा ऐंशीवर आला.

तारेवरची_कसरत

शाबास, हिशेब बरोबर. फक्त तिसातला थोडा भाग कंपनी राखीव ठेवते, नवी असतानाही पूर्ण तीस हाती येत नाहीत. म्हणजे खरी तब्येत 86 पेक्षा चांगली असेल. उलट एलएफपी असेल तर टक्के दाखवण्यातच चूक होऊ शकते. तिचं व्होल्टेज भरलेल्या आणि अर्ध्या स्थितीत जवळपास सारखंच असतं, म्हणून मधूनमधून 100 पर्यंत भरली नाही तर मोजमाप भरकटतं. तेव्हा पैसे देण्याआधी सर्व्हिस सेंटरमधून दोन गोष्टी छापील घ्या: बॅटरीच्या तब्येतीचा टक्का, आणि सगळ्यात वरच्या व खालच्या सेलमधला व्होल्टेजचा फरक. सेल ओळीत जोडलेले असतात, एक मेला की बाकीचे धडधाकट असून उपयोग नाही.

वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी असेल तर ती पहिल्या नोंदणीपासून मोजतात, म्हणजे मार्च 2029 पर्यंत. दुसऱ्या मालकाला ती लागू होते का, हे तोंडी नको, लेखी घ्या. हल्लीच्या जाहिरातींतली 'आजीवन' वॉरंटी बहुतेक पहिल्या मालकापुरतीच असते.

अपडाऊनवाला

बुधवारी सर्व्हिस सेंटरला वेळ मिळालीय. आता एकच राहिलं. आमचं घर आजोबांच्या वेळचं, मीटर जिन्याखाली, गाडी समोरच्या गल्लीत. इलेक्ट्रिशियन म्हणतो, "15 अँपियरचा पॉइंट काढून देतो, पाचशे रुपयांत काम." अर्थिंगचं विचारलं तर म्हणाला, "नळाच्या पाइपला बांधू की." हे चालेल का?

तारेवरची_कसरत

अजिबात नाही. त्याला चहा पाजून परत पाठवा. वेगळी अर्थिंग, जाड वायर, वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा). मीटरच्या पेटीचा फोटो टाका, मग किती जाड वायर ते सांगतो.