डोळ्याचा पडदा ‘सरकतो’ की ‘सुटतो’?

ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात मी इंटर्नना खाटेपाशीच डोळ्याची सोनोग्राफी करायला शिकवते. हाताचं काम मुलं चटकन उचलतात, अडतं ते शब्दांपाशी.

सुरुवात ‘सोनोग्राफी’पासूनच होते. १९९४च्या कायद्यामुळे दारोदारी लागलेली ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी वाचून वाचून लोकांच्या मनात सोनोग्राफी म्हणजे पोट. म्हणून आधी सांगावं लागतं, ‘आजी, पापणीवरूनच बघायचंय, आत काही घालायचं नाही.’ मग पापणी मिटवून वर भरपूर जेल लावायचं. करंगळी रुग्णाच्या कपाळावर नाहीतर नाकाच्या हाडावर ठेवायची आणि प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, फक्त जेलला लागू द्यायचा. मी ‘प्रोब ठेव’ म्हणायचे तेव्हा मुलांचा हात जड पडायचा. ‘टेकव’ म्हणायला लागले आणि तो हलका झाला. (मार लागून डोळाच फुटल्याची शंका असेल तर टेकवायचाही नाही, हे मी सगळ्यात आधी सांगते.)

नंतर नजर फिरवायला सांगायची. एका आजींनी विचारलं, ‘मिटल्या डोळ्यांनी कुठं बघू, बाळा?’ इंटर्न गडबडला, पण लगेच म्हणाला, ‘बघू नका आजी, बुबुळं नुसती इकडून तिकडे फिरवा.’ आजींनी झकास फिरवली.

आता मुख्य प्रश्न. स्क्रीनवर डोळा काळा गोल दिसतो. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेला पडदा, जागेवर नसेल तर त्या काळ्यात एक पांढरी रेघ तरंगते. नजर हलली की ती लहरते, पण मागे दृष्टीच्या नसेपाशी घट्ट धरलेली असते. ओपीडीत याला ‘पडदा सरकला’ म्हणतात. मला ते पटत नाही. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद, नौपाड्याहून

मॅडम, मी चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. सरकणारी वस्तू जागा बदलते, पण पृष्ठभागाला लागूनच राहते. खुर्ची सरकते, खांद्यावरचा पदर सरकतो. सुटतं ते चिकटलेलं. पोळीला पापुद्रे सुटतात, टाका सुटतो, भिंतीचा पोपडा सुटतो. तुमची रेघ मागच्या भिंतीपासून निघून आत आली असेल तर ‘सुटला’च म्हणा.

पुस्तकी ‘विलगीकरण’ मात्र नको. २०२० नंतर तो शब्द ऐकला की माणसाला चौदा दिवस बंद खोली आठवते.

प्रतिसाद, नेरूळहून

मी डोळ्यांच्या विभागात सिस्टर आहे. सुटला की सरकला यापेक्षा ‘पडदा’ शब्दच जास्त घोटाळा करतो. रुग्ण म्हणतो, ‘डोळ्यापुढे पडदा आला.’ तो त्याला काय दिसतं ते सांगत असतो, म्हणजे एका बाजूने काळी सावली चढत आली. आपण म्हणतो, ‘तुमचा पडदा सुटलाय.’ तेव्हा आपण आतल्या भागाबद्दल बोलत असतो. मग नातेवाईक विचारतात, ‘सुटला ना? मग आता दिसेल ना?’ मला तरी हा प्रश्न बऱ्याचदा ऐकावा लागलाय. कुणी वडस वाढला तरी पडदा म्हणतं, कुणी मोतीबिंदूलाही. म्हणून मी ‘आतला पडदा’ म्हणते, आणि केसपेपरवर रुग्णाचं वाक्य जसंच्या तसं लिहायला सांगते.

प्रतिसाद, कळव्याहून

सुटला. पावसाळ्यात आमच्या भिंतीचा रंग फुगतो तसंच ना? मागे पाणी शिरतं आणि थर उचलला जातो.

मूळ लेखिका

कळव्याच्या दादांनी नेमकं पकडलं. बहुतेक वेळा पडद्याला आधी बारीक चीर पडते, तिच्यातून पाणी मागे झिरपतं आणि पडदा उचलला जातो. मधला भाग अजून चिकटलेला असेल तर लवकर शस्त्रक्रिया करून नजर वाचू शकते. म्हणून रेघ दिसली की नेत्रतज्ज्ञांना लगेच फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. सिस्टर, ‘आतला पडदा’ उद्यापासून आमच्याकडेही.

पण ‘सुटला’ घेतलं की एक पेच उरतो. डोळ्यात पडद्यापुढे जो पारदर्शक जेलीसारखा भाग असतो, तोही वयानुसार पडद्यापासून सुटतो. हे उतारवयात नेहमीचं आहे. त्याचीही रेघ दिसते, पण ती पातळ असते, जास्त मोकळी हलते आणि नसेपाशी धरलेली नसते. त्याला पुस्तकात ‘काचद्रव’ म्हणतात, आणि रुग्णाला ऐकू येतं ‘काचबिंदू’.

प्रतिसाद, नौपाड्याहून

‘गर’ म्हणा. उन्हाळ्यात स्टेशनबाहेर ताडगोळे विकायला असतात, त्यांचा गर असाच असतो, आरपार आणि लिबलिबीत.

मूळ लेखिका

सर, आज रात्रपाळीला वापरून बघितलं. एका काकांना डोळ्यापुढे माश्या उडाल्यासारखं दिसत होतं. इंटर्न मुलीने प्रोब टेकवला, बुबुळं फिरवायला लावली, स्क्रीनवरची रेघ नसेपर्यंत तपासली आणि मला म्हणाली, ‘मॅडम, गर सुटलेला वाटतोय, पडदा नाही. तरी सकाळी डोळ्यांच्या ओपीडीत पाठवते, बारीक चीर यात दिसत नाही.’ काकांनी विचारलं, ‘गर म्हणजे फणसाचा असतो तसा?’ तिने त्यांना ताडगोळा समजावून सांगितला.