अवघडपणा एकाच खटक्यात नको
'सोपा पर्याय दिला की व्हिडिओ गेमची मजा जाते,' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. कोल्हापुरात खासबागेच्या मैदानात कुस्ती लावतानासुद्धा जोड बघूनच लावतात, म्हणून काय ती कुस्ती खोटी होते?

माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात अपघातानंतर सावकाश चालतो. राजारामपुरीतल्या घरी आम्ही दोघं 'सेलेस्ट' (२०१८) हा उड्या मारत डोंगर चढायचा गेम खेळलो. त्यात मदतीचा वेगळा मोड आहे. गेमचा वेग दहा-दहा टक्क्यांनी निम्म्यापर्यंत खाली आणता येतो. दादानं वेग ७० टक्क्यांवर ठेवला, बाकी कशाला हात लावला नाही. उड्या त्याच, काटे तेच, मरायचाही तेवढाच. शिखरावर पोचला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि तो अक्षरशः ओरडला!

म्हणून 'सोपं-मध्यम-अवघड' एवढी तीन बटणं मला अपुरी वाटतात. बऱ्याच गेममध्ये 'अवघड' म्हणजे शत्रूचा जीव वाढवायचा आणि आपला कमी करायचा, बस्स. त्यात कौशल्य कुठं लागतं, नुसता वेळ जातो. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये (२०२०) शत्रू, साथीदार, लपणं, सामान हे सगळं वेगवेगळं ठरवता येतं, ते मला योग्य वाटतं.

'रेसिडेंट ईव्हिल ४' खेळाडूला न सांगता गुपचूप सोपा होतो, ते मात्र मला आवडत नाही. 'हेड्स' या गेममधला 'गॉड मोड' हा मदतीचा मोड बघा: चालू करायचं आपण ठरवायचं. सुरुवातीला मार २० टक्के कमी बसतो, मग प्रत्येक मरणाला आणखी दोन टक्के. सगळं उघड.