होनोलुलू ते नाडी (फिजी): विमानाला नक्की किती तास?

निळाई:
सध्या आम्ही होनोलुलूत राहतो, पुढच्या महिन्यात फिजीला जायचं चाललंय. तिकीट बघितलं तर बुधवारी रात्री 11:30 ला निघून शुक्रवारी पहाटे 4:10 ला नाडीला पोचणार असं दाखवतंय आणि खाली लिहिलंय डायरेक्ट. म्हणजे जवळजवळ 29 तास हवेत?? नकाशातही हवाई पार डावीकडे आणि फिजी पार उजवीकडे. सोबत सासूबाई आहेत, त्यांना इतका वेळ बसवणार नाही. हॉटेल कुठल्या वारापासून घेऊ?

होकायंत्र:
ताई घाबरू नका, हवेत साडेसहा-पावणेसात तासच. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडता, आणि फिजीची वेळ हवाईच्या 22 तास पुढे आहे, ते 22 वजा करा की झालं. अंतर साधारण 5100 किमी आहे, विमान ताशी 850 च्या आसपास जातं, चढाय-उतरायचा वेळ धरून हिशोब बरोबर बसतो. नकाशा पॅसिफिकमध्ये कापलेला असतो म्हणून ती दोन टोकं वाटतात, पृथ्वीचा गोल फिरवून बघा, होनोलुलू 158 पश्चिम आणि नाडी 177 पूर्व, म्हणजे मधे जेमतेम 25 रेखांश. खरा प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे, विषुववृत्त ओलांडून आहे.
हॉटेल मात्र गुरुवार रात्रीपासूनच घ्या, नाहीतर पहाटे पोचून दुपारच्या चेक-इनपर्यंत सासूबाईंना लॉबीत ताटकळावं लागेल.

गलबत:
एक सांगते, फिजी एअरवेजचं एक विमान किरिबातीच्या ख्रिसमस बेटावरून जातं, ते चुकून बुक करू नका. होनोलुलू ते ते बेट अंदाजे 2150 किमी आणि पुढे नाडी 3500, म्हणजे 500 किमीपेक्षा जास्त वळसा आणि मधला थांबा वेगळाच. पण ते बेट भारी आहे हं, हवाईच्या जवळपास सरळ खाली, घड्याळात तेवढेच वाजलेले असतात आणि तारीख मात्र उद्याची! किरिबातीने 1995 च्या सुरुवातीला वाररेषा पूर्वेला सरकवून घेतली, आधी एकाच देशात एकाच वेळी दोन तारखा चालायच्या.

निळाई:
खूप खूप आभार दोघांचे, जीव भांड्यात पडला. येताना मग उलटं का? शुक्रवारी रात्री 9 ला निघतोय.

होकायंत्र:
हो, शुक्रवारीच पहाटे साडेपाचच्या सुमाराला होनोलुलूत उतराल, तोच शुक्रवार परत मिळेल.
सासूबाईंची रोजची गोळी असेल तर हे नीट बघा. हवाईत सकाळचे 8 तेव्हा फिजीत दुसऱ्या दिवशीचे 6, म्हणून 8 ची गोळी तिकडे 6 ला द्या. वारांची डबी वापरत असाल तर जाताना गुरुवारचा खण भरलेलाच राहील, गोळी चुकलेली नाही, ती येतानाच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी 8 ला द्यायची. आणि गोळ्या हँडबॅगेतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.