एसीच्या शेजारची भिंत काळी पडतेय, कितीदा पुसली तरी बुरशी परत येते

प्रश्न
झोपायच्या खोलीत स्प्लिट एसीच्या डाव्या अंगाला भिंतीवर काळे ठिपके आलेत. आधी टाचणीच्या डोक्याएवढे होते, आता तळहाताएवढा डाग झालाय. दोनदा ब्लीचने पुसला, वरून रंगाचा हात मारला. पंधरा दिवसांत रंगाचे पोपडे सुटले आणि खाली पुन्हा तेच. समोरच्या भिंतीला लागून कपाट आहे. ते उघडलं की कुबट वास येतो, काल तर चामड्याच्या पट्ट्यावर पांढुरकी लव दिसली. मुलगी सकाळी उठल्या उठल्या शिंकत सुटते, त्यामुळे फार काळजी वाटते. एसी रात्रभर १८ वर असतो. मेकॅनिक म्हणाला, गॅस ठीक आहे. मग हे पाणी येतंय कुठून?

उत्तर १
ताई, पाणी भिंतीच्या आतून येतंय की हवेतून, ते आधी ठरवा. डागाजवळ आणि कपाटामागे प्लास्टिकचा एकेक तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून दोन दिवस राहू द्या. ओल प्लास्टिकच्या आत, भिंतीकडे आली तर झिरपतंय. बाहेरून थेंब धरले तर हवेतलं पाणी. ३० अंशांच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या हवेला साधारण २४ अंशांपेक्षा थंड काहीही लागलं की तिच्यातलं पाणी सुटतं. १८ वर रात्रभर गारठलेली भिंत आणि सकाळी उघडलेली खिडकी, एवढं पुरतं.

उत्तर २
मी एसी दुरुस्तीचं काम करतो. गॅस ठीक असला म्हणजे बाकी सगळं ठीक, असं नसतं. पॅनल काढून ट्रेमध्ये मगभर पाणी ओता आणि ते बाहेरच्या नळीतून लगेच येतं का बघा. अडलं तर चिकट गाळ साचलाय, नाहीतर नळीला उतार नाही. मग तांब्याच्या जाड पाइपवरचा फोम हाताने चाचपा, विशेषतः पाइप भिंतीत शिरतो तिथे. फोम फाटला की पाइपला घाम सुटतो आणि प्लास्टर ते पाणी पीत राहतं. हे बऱ्याचदा कुणी बघतच नाही.

उत्तर ३
कळकळीने सांगते, ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. बुरशी कोरडी खरवडू नका, बारीक धूळ खोलीभर उडते. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा. भिंत पूर्ण वाळेपर्यंत रंग नको. आणि मुलीला डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न विचारणारीकडून
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही कारणं निघाली! डागाजवळचं प्लास्टिक भिंतीच्या बाजूने ओलं होतं. पाइप भिंतीत शिरतो तिथला फोम हात लावताच भुगा होऊन पडला, आतला पाइप ओलाचिंब. ट्रेमधलं पाणी मात्र नीट वाहून गेलं. नवा फोम लावून घेतलाय, पोपडे ओले करून काढलेत, भिंत उघडी ठेवलीय. कपाटामागच्या प्लास्टिकवर बाहेरून थेंब होते, म्हणून कपाट वीतभर पुढे ओढलं आणि एसी २६ वर आणला, सोबत पंखा. आर्द्रतामापकही आणलाय. पहिल्या सकाळी ७४ टक्के होतं, आज ५८. मुलीला उद्या डॉक्टरांकडे नेतेय.