बेसबॉलच्या हिटरले (बॅटिंगवाल्याले) 15 वर्साचं कॉन्ट्रॅक्ट, पटते का तुमाले?

वऱ्हाडी_शॉर्टस्टॉप: भाऊ, न्यूयॉर्कच्या मेट्स टीमनं 2024 च्या डिसेंबरात हिटर हुआन सोटोले 15 वर्सं आन 765 मिलियन डॉलर देल्ले. गडी तवा 26 चा, सरन तवा चाळिशी पार. येवढं लांब काहून?

काळी_माती: हिटर पुजोल्स आठव ना बे. एंजल्स टीमनं त्याले 2011 ले 10 वर्सं, 240 मिलियन देल्ले, आन 2021 मंदी शेवटच्या सीझनच्या मधातच सोडून देल्लं. पैसा तरी पूरा द्याच लागला. वावर मक्त्यानं घेतल्यावानी हाय हे, पिको का नाई, मक्ता फिटतच नाई.

रातचा_प्रेक्षक: टीमवाले येडे नाईत. लक्झरी टॅक्स (टीमचा पगार हद्दीवर गेला का लागते तो) कॉन्ट्रॅक्टच्या वर्साच्या सरासरी रकमेवर मोजते, म्हून तेच पैसे जास्त वर्सात पसरवले का टॅक्स कमी बसते, आन तुमी 5 वर्सं म्हनसान तं दुसरा टीमवाला 12 घेऊन उभाच हाय. ओहतानी नावाच्या गड्याच्या 700 पैकी 680 मिलियन तं त्याची टीम डॉजर्स 2034 पासून देनार.

वऱ्हाडी_शॉर्टस्टॉप: हे टॅक्सचं मालूम नवतं. मंग पिचरले (बॉल फेकनाऱ्याले) बी येवढं लांब द्याव का?

काळी_माती: पिचरले नाईच! कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन झालं का वर्सभर गडी घरी. 5 वर्साच्या वर माया हातून सही नाई होनार.