शिवराईवरील हिरवा थर: कोणता टिकाऊ, कोणता घातक?

प्रश्न: पेठेतला वाचक, सोलापूर

नमस्कार. आमच्या घरी वडिलोपार्जित तांब्याची काही नाणी आहेत. त्यांत बहुतेक शिवराया असून एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे वाचता येतात. सोबत ईस्ट इंडिया कंपनीचे १८३५ सालचे पाव आणेही आहेत. काही नाण्यांवर गडद हिरवा, गुळगुळीत थर आहे, तर काहींवर फिकट हिरवे, पिठूळ ठिपके आहेत. हे ठिपके उन्हाळ्यात पुसून काढले होते, परंतु भाद्रपदात ते त्याच जागी पुन्हा दिसू लागले. एका शिवराईला कडेपासून आत गेलेली चीरही आहे. घरातील वडीलधारी मंडळी चिंच-मिठाने घासून खोबरेल तेलाचा हात फिरवावा असे म्हणतात. कोणते नाणे सुस्थितीत आहे आणि कोणते आतून खराब होत आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

उत्तर: नाणेसंग्राहक, होटगी रोड

सर्वांत महत्त्वाचे लक्षण आपण सहज लिहून गेला आहात: पुसलेले ठिपके परत आले. गडद हिरवा, टणक थर हा बहुधा मॅलकाइटचा, म्हणजे तांब्याच्या कार्बोनेटचा असतो आणि त्याखाली क्युप्राइटचा, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडचा लालसर-तपकिरी थर असतो. हे थर धातूला झाकून ठेवतात, आणि जुन्या नाण्यांवरील अक्षरांचे बारकावे पुष्कळदा याच थरांत शिल्लक राहिलेले असल्यामुळे, ते खरवडले तर अक्षरेच नाहीशी होतात. फिकट, पिठूळ, लाकडी काडीच्या टोकाने सहज सुटणारा आणि सुटल्यावर खाली खड्डा दाखवणारा डाग मात्र क्लोराइडचा समजावा. संग्राहक त्याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात, आणि नाणे शुद्ध तांब्याचे असले तरी तो होतो.

सोलापुरात फसगत होते ती हवेमुळे. खाऱ्या मातीतून, घामाच्या हातांतून किंवा मिठाने केलेल्या साफसफाईतून धातूत शिरलेले क्युप्रस क्लोराइड (तांब्याचे क्लोराइड) कोरड्या हवेत स्वस्थ बसते. सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या वर गेली की ते ओलावा आणि प्राणवायू यांच्याशी संयोग पावून हिरवी भुकटी तयार करते. आपल्याकडे मार्च ते मे या काळात दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते, म्हणून त्या दिवसांत आजारी नाणेही धडधाकट दिसते आणि सप्टेंबरच्या पावसात त्याचे खरे स्वरूप कळते. उन्हाळ्यात केलेल्या तपासणीवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

संशयित नाणे झाकणाच्या डबीत ओल्या कापसासोबत, पण त्याचा स्पर्श होऊ न देता, एक-दोन दिवस ठेवून दहापट भिंगाने पाहावे. नवे फिकट ठिपके आले तर क्रिया चालू आहे हे निश्चित.

चिरेविषयी: शिवराई हातोड्याच्या घावाने पाडलेली असल्यामुळे घावाच्या वेळीच कड फाटणे सर्रास घडत असे. अशा चिरेच्या आतील भिंतींचा रंग बाकी नाण्यासारखाच जुना असतो आणि ती वाढत नाही. चिरेतून भुकटी येत असेल तरच काळजी करावी.

उत्तर: रसायनशास्त्राची शिक्षिका

वरील विवेचन योग्य आहे, पण ओल्या कापसाच्या चाचणीला माझा विरोध आहे. आपल्या नाण्यांवरील ठिपके एकदा परत आलेच आहेत; मग त्यांना मुद्दाम दमट हवा देऊन आणखी धातू का गमवावा? या क्रियेत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, ते आतल्या ताज्या तांब्यावर चढते आणि पुन्हा क्लोराइड तयार होते, त्यामुळे ओलावा मिळत राहील तोवर हे चक्र चालूच राहते.

चिंच-मीठ कटाक्षाने टाळावे. चिंचेतील आम्ल संरक्षक थर काढते आणि मीठ नेमके तेच क्लोराइड पुरवते. खोबरेल तेलातील मेदाम्लेही तांब्याशी संयोग पावून हिरवट, मेणचट थर देतात.

आजारी नाणी वेगळी काढून ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजत ठेवावीत, पाणी वरचेवर बदलावे, नंतर अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून पूर्ण कोरडी करावीत. जुन्या वस्तूंचे जतन करणारे संवर्धक यासाठी सोडियम सेस्क्विकार्बोनेटचे सुमारे ५ टक्के द्रावण आठवडेच्या आठवडे वापरतात, परंतु त्याने थराचा रंग बदलू शकतो. बेन्झोट्रायाझोल हे तांब्याची झीज रोखणारे रसायन प्रभावी असले तरी विषारी आहे. ते प्रशिक्षित संवर्धकाच्याच हाती असावे.

पेठेतला वाचक

दोघांचेही आभार. विक्रेत्याकडून नवी शिवराई घेताना काय पाहावे?

उत्तर: नाणेसंग्राहक, होटगी रोड

बाईंचा आक्षेप मान्य आहे. ती चाचणी फक्त ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही अशाच नाण्यासाठी ठेवावी. विकत घेताना तेल किंवा मेण लावून चकचकीत केलेल्या नाण्यापासून सावध राहावे, कारण त्या थराखाली पिठूळ डाग दिसत नाहीत. वजनही करावे. पूर्ण वजनाची जुनी शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅम भरते. उत्तरकालीन शिवराया हलक्या असतात, म्हणून केवळ वजनावरून निष्कर्ष काढू नये, मात्र त्याच प्रकारच्या इतर नाण्यांपेक्षा एखादे फारच हलके असेल तर आतील धातू गेलेला असण्याची शक्यता धरावी.

नवे नाणे निदान एक पावसाळा उलटेपर्यंत संग्रहात मिसळू नये. मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटे वापरू नयेत, त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांनी तांब्यावर हिरवा चिकटा येतो. हवाबंद डब्यात ओलावा शोषून रंग बदलणारे सिलिका जेल ठेवावे आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्याचा रंग पाहून ते वेळोवेळी तापवून कोरडे करावे.